मिठाचा डबा फळीवर

अण्णा, तुमच्या दहाव्याला कावळा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. भटजींचा हात मागं यायच्या आत आला मेला. घाटावरची सगळी माणसं हुश्श करून म्हणाली, "सुटले बिचारे, कशात जीव अडकला नव्हता." मी लांब चिंचेखाली पितळी डबा धरून उभी होते. मला त्या कावळ्याचा असा राग आला म्हणून सांगू! हाताशी दगड असता तर भिरकावला असता. म्हणे कशात जीव अडकला नव्हता. माझ्यावर एवढा ठपका ठेवून तोंड फिरवून गेलात, त्याचं काय? ते कुठं गेलं?

आम्हां ख्रिस्ती लोकांत कावळ्याचं काही नसतं. आमचा माणूस गेला की मातीला देतात, गाणी म्हणतात आणि घरी येऊन चहा पितात. पण तुमच्यात काय असतं ते मी पाच वर्षं तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारतात, असं तुम्हीच वाटाणे निवडता निवडता सांगितलं होतं. म्हणून तर मी त्या दिवशी सकाळी उठून चूल पेटवली आणि एसटीत डबा मांडीवर धरून आळंदीला आले. म्हटलं, कावळा अडून बसेल, उन्हं वर येतील, सगळी नावं घेऊन होतील, आणि मग तुमच्या घरच्या पारूवहिनी हाक मारतील, "मार्थाबाई, ये गं पुढं, तुझंच कायतरी राहिलंय." कशाचं काय! पाच मिनिटांत कार्यक्रम आटोपला आणि लोक उपरणी झटकून उठले.

तिथं एकजण म्हणाला, अण्णा देवमाणूस. दुसरा म्हणाला, माळकरी असावा तर असा. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की देवमाणूस होते, पण हट्टी, कानाचे नाही तरी नाकाचे हलके, आणि एकदा मनात घेतलं की सख्ख्या देवाचंही ऐकायचे नाहीत.

तुम्हाला आठवत असेल, कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये आपण एकाच महिन्यात लागलो. पिंपरीला तेव्हा काय होतं? माळरान, बाभळी, रेल्वेची लाइन, कँपातली सिंधी लोकांची दुकानं आणि निम्मा बांधलेला औषधाचा कारखाना. यंत्रं बसवायला परदेशी साहेब येणार, त्यांना त्यांचं खाणं पाहिजे, म्हणून खडकीच्या मेसमध्ये पाव भाजणारे तुम्ही इथं मोठे आचारी झालात. मी नगरकडची, भांडी घासायला. जीपगाडीवर रहमानभाई. साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात हुकूम सोडला, वाटाण्याच्या डाळीचं सूप पाहिजे, आणि त्यात हॅम. हॅम म्हणजे डुकराची खारवलेली, धुरावलेली तंगडी. पुण्याच्या लष्करातल्या दुकानातून ती कागदात गुंडाळून आली. रहमानभाईंनी गाडी अंगणात लावली आणि हात वर करून म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. गाडीत बसून आली तेवढंच लई झालं." तुमच्या गळ्यात माळ. तुम्ही चिमटा घेऊन तंगडीभोवती असे फिरत होतात, जशी काही ती उठून चावणार आहे.

मी पुढं झाले आणि उचलून पातेल्यात टाकली. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलंत.

सूप कसं करायचं ते खडकीत लांबून बघून तुमच्या डोक्यात पक्कं होतं. डाळ, कांदा, गाजर, तमालपत्र, मिरे, आणि साहेबांच्या कसल्याशा पाल्याऐवजी नळामागची ओव्याची पानं. तीन तास मंद जाळ. मांस हाडावरून आपसूक सुटलं की बाहेर काढून बारीक करायचं, परत आत सोडायचं. डाळ तळाला धरते, म्हणून पळी थांबवायची नाही. सगळं बरोबर केलंत. आणि शेवटी आमटीला घालावं तसं अंदाजानं दोन मुठी मीठ टाकलंत! चाखायचं कुणी? तुम्ही माळकरी, रहमानभाई मुसलमान. पातेलं तसंच टेबलावर गेलं. साहेबानं एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. म्यानेजर आत येऊन असा ओरडला की कोंबड्या पळाल्या. तुम्ही पातेल्याकडं बघत बसलात. मी उरलेल्या सुपात बोट बुडवून चाटलं आणि म्हटलं, "अण्णा, तंगडीलाच इतकं मीठ आहे. वरून कशाला घातलंत?"

"तू खातीस व्हय ह्ये?"

"खाते की. आमच्यात चालतं."

मग उठून मिठाचा डबा उचललात आणि उंच फळीवर नेऊन ठेवलात, जिथं तुमचाच हात पोचायला टाचा वर कराव्या लागत. म्हणालात, "आजपास्नं हात माझा, जीभ तुझी. तंगडी पडली की डबा फळीवर."

पाच वर्षं तसंच चाललं. तंगडी पातेल्यात पडली की मिठाचा डबा फळीवर. सूप उतरवायच्या आधी तुम्ही वाकून वास घ्यायचात, डोळे मिटायचात, आणि विचारायचात, "मार्थाबाई, मीठ?" मी चमचाभर फुंकून प्यायची आणि म्हणायची, "बरोबर." मग झाकण. तुमचं नाक मात्र खरोखर जबरदस्त होतं, हे मी रागातसुद्धा कबूल करते. डाळ तळाला धरायच्या आधी दोन मिनिटं तुम्हाला कळायचं. तंगडी जुनी असली तर कागद सोडायच्या आधी तुम्ही नाक मुरडायचात. फक्त मीठ वासात येत नाही. तेवढ्यापुरती मी.

आणि तेवढ्यापुरतीच ठेवलीत हो मला. पहिला साहेब मायदेशी जाताना चिठ्ठी देऊन गेला, असं सूप माझ्या आईच्या हातचंही नव्हतं म्हणून. तुम्ही ती काच लावून विठोबाच्या फोटोशेजारी टांगलीत. मी म्हटलं, "अण्णा, माझं नाव कुठाय यात?" तर हसून म्हणालात, "अगं, चिठ्ठीत हाताचं नाव लिवत्यात. जिभेचं कोन लिवतंय?" सगळे हसले. मीही हसले. आज हसू येत नाही.

आणि पाणी! माझ्या जिभेवर साहेब लोकांची मर्जी सोपवलीत, पण माझ्या माठातलं पाणी पाच वर्षांत एकदा प्याला नाहीत. उन्हाळ्यात माझ्या दारावरून जाताना तोंडाला कोरड पडलेली असायची, तरी आपला तांब्या घेऊन नळावर. मी कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला काय वाटलं, मला दिसत नव्हतं?

पण माझे हे गेले तेव्हा म्यानेजरनं मला खोली सोडायला सांगितली, बाईमाणूस एकटी नको म्हणून. तेव्हा तुम्ही हातातली पळी ओट्यावर ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलात. "ती गेली तर सूप बी गेलं, साहेब. मग तुमीच करा." नोकरी गेली असती तुमची. त्या एका वाक्यावर माझ्या डोक्यावर आजही छप्पर आहे. म्हणून तर एवढा राग येतो, अण्णा. परक्या माणसाचा कुणाला इतका राग येतो?

तुमचा एक प्रश्न ठरलेला असायचा. भांडी घासून झाली, तुम्ही नळावर आंघोळ करून, माळ सदऱ्याच्या बाहेर काढून पायरीवर बसलात, की विचारायचात, "पर लागतं कसं गं त्ये?" मी म्हणायची, धुरकट लागतं. "धुरकट म्हंजी?" चुलीवरच्या भाकरीसारखं, पण गोडसर. "गुळावानी?" नाही हो, गुळासारखं नाही. तुपासारखं जिभेवर पसरतं. तुम्ही डोळे मिटून जुळवायला बघायचात, भाकरी, गूळ आणि तूप, आणि मान हलवायचात. शंभर पातेली उतरवली असतील तुम्ही त्या सुपाची. घोट एक नाही. मला त्याची कीव यायची. आज वाटतं, कीव केली तिथंच चुकलं.

मग तुमच्या पोटात आवाळू निघालं. डॉक्टर म्हणाले, काही घट्ट द्यायचं नाही, हाडांचं सूप पाजा, ताकद येईल. तुम्ही हात जोडलेत त्यांना. पारूवहिनी पेज करायच्या, तुम्ही दोन घोटांत तोंड फिरवायचात. त्यांनी निरोप धाडून मला काळेवाडीला तुमच्या घरी बोलावलं. म्हणाल्या, "माझ्या हातचं जात न्हाई त्यांना. तू बग बाई." मी माझ्या घरून तांदळाची पेज करून आणली. दारात उभी राहिले, भीत भीत. माझ्या घरातलं, माझ्या माठातल्या पाण्याचं. आणि तुम्ही ती प्यालात! अख्खी वाटी. वर म्हणालात, "आजारात सगळं माफ असतंय, मार्थाबाई." त्या दिवशी काळेवाडीहून परत येताना मी रडत आले. पाच वर्षांची तहान होती ती, तुमची नव्हे, माझी.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पेज ढवळता ढवळता म्हणालात, "त्ये कसं लागतं त्येवडं कळायचं राहूनच गेलं बग." झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

मी तुम्हाला तंगडी चारणार नव्हते, अण्णा. इतकी का मी हलकट आहे? मी दोन दिवस विचार केला. तुम्ही वासानं करायचात, मी चवीनं करायचं ठरवलं. तंगडीशिवाय तंगडीची चव. नवीन मातीचं भांडं आणलं, ज्यात कधी काही शिजलं नव्हतं. वाटाण्याची डाळ, गाजर, ओव्याची पानं, मिरे, सगळं गेस्ट हाऊससारखं. मिठाचा डबा फळीवर. कांदा साजूक तुपात लालबुंद केला, म्हणजे ते जिभेवर पसरणं आलं. बोराएवढा गूळ टाकला, म्हणजे गोडसरपणा आला. आणि शेवटी वाटीत बाभळीचा रसरशीत निखारा ठेवून वर तूप सोडलं, वाटी सुपात तरंगत ठेवली आणि झाकण दाबलं. धूर आत कोंडला. झाकण उघडलं तेव्हा मीच दचकले. डोळे मिटले असते तर साहेबाचं टेबल दिसलं असतं.

चाखलं नाही मी. आयुष्यात पहिल्यांदा चाखलं नाही. तुम्ही म्हणायचात ना, नैवेद्याचं आधी तोंडाला लावत नाहीत. उष्टं करून कसं देणार तुम्हाला? वास घेतला, तुमच्यासारखे डोळे मिटले, आणि भांडं फडक्यात बांधलं.

सांगून द्यायला हवं होतं, ते चुकलं माझं. हजार वेळा कबूल. पण मला तुमचा चेहरा बघायचा होता. मला ऐकायचं होतं, "हां! असं लागतं व्हय!" एवढंच ऐकायचं होतं.

पारूवहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. मी वाटी तुमच्या तोंडाजवळ नेली. तुमच्या नाकपुड्या हलल्या. मला वाटलं, ओळखलंत, आता हसाल. तुम्ही माझा हात असा झटकलात, त्या काडीसारख्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. वाटी गोधडीवर उपडी झाली.

"बाटवलंस मला. मरताना बाटवलंस गं, मार्थे!"

"अण्णा, येशूची शपथ, नुसती डाळ आहे. धुरी दिलीय निखाऱ्याची."

"पाच वर्सं ह्यो वास घ्येतोय मी. मला शिकवू नगंस."

आणि भिंतीकडं तोंड.

बाटवलंस! सगळे शब्द सोडून तुम्हाला हाच सापडला? हा शब्द माझ्या बापानं ऐकला, आज्यानं ऐकला. विहिरीवर ऐकला, शाळेत ऐकला. तुमच्या तोंडून पाच वर्षांत एकदाही आला नव्हता, म्हणून मी समजत होते की तुमच्यात तो नाहीच. होता तर! नीट जपून ठेवलेला होता, माझ्यासाठी. परक्या साहेबाच्या पोटात काय जातंय त्याची खात्री माझ्या जिभेवर, आणि तुमच्या पोटात काय जातंय ते सांगायला ती जीभ लगेच खोटी?

वहिनी हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. हंडा ठेवून गोधडी पुसून काढली. मी भांडं उचललं, बाहेर येऊन उरलेलं सगळं बांधावर ओतलं आणि भांडं तिथंच फोडलं. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या हातून पाणी घेतलंत, मी वाटी पुढं केली तर दात मिटून घेतलेत. चौथ्या दिवशी गेलात. माझं म्हणणं तसंच माझ्या तोंडात ठेवून गेलात. ही काय जायची रीत झाली? भांडायचं तर पुरतं भांडा. शिव्या द्या, चार दिवस अबोला धरा, पाचव्या दिवशी विचारा, खरंच डाळ होती का गं? तेवढा पाचवा दिवससुद्धा दिला नाहीत मला.

तर दहाव्याला मी तेच सूप परत करून आणलं होतं. अगदी तसंच, त्याच हातांनी, न चाखता. आणि कावळा लगेच शिवला, आणि माणसं पांगली, आणि मी डबा घेऊन निघाले. इंद्रायणीच्या पायऱ्या चढत होते तेवढ्यात मागून पारूवहिनी आल्या. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. माझ्या डब्याकडं बघून म्हणाल्या, "त्येच हाय का? त्या दिवसाचं?"

"तेच."

"हाड हाय त्यात?"

"नाही."

"त्या दिशी हुतं?"

"नव्हतं, वहिनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ? तुम्ही कांदा चिरायला घ्यायचात आणि चिरून व्हायचा, एवढाच. मग पायरीवर बसल्या, डबा माझ्या हातातून घेतला, झाकणात सूप ओतलं. त्यांच्याही गळ्यात तुमच्यासारखीच माळ, अण्णा. ती त्यांनी मागं सारली आणि झाकण तोंडाला लावलं. हाडाबद्दल दोन प्रश्न विचारले त्यांनी मला. दोनच. तुम्हाला तेवढेही सुचले नाहीत.

घोट तोंडात घोळवून गिळला त्यांनी. "चांगलं हाय की. धूर बी बेस लागतोय." मग जीभ टाळ्याला लावून बघितली आणि म्हणाल्या, "पर अळणी हाय गं. मीठच न्हाई ह्यात."

मी म्हटलं, "काहीतरीच काय." झाकण घेतलं आणि चाखलं. अळणी. साफ अळणी. चिमूटभरसुद्धा नाही.

मी तिथंच खाली बसले. पाच वर्षांची सवय, मिठाचा डबा फळीवर. तंगडी नव्हती, तरी डबा फळीवर. आज ठेवला होता, आणि त्या दिवशीही ठेवला होता. तंगडीचं सूप काहीही होईल, अळणी कसं होईल? हे अख्ख्या पिंपरीत दोघांनाच कळत होतं, एक मी आणि एक तुम्ही. माझ्या खरेपणाची साक्ष त्या वाटीतच होती, तुमच्या ओठांपासून दोन बोटांवर.

वहिनी म्हणाल्या, "रडू नगंस. चालतंय तसंच," आणि उरलेलं सगळं त्यांनी अळणीच संपवलं.

एक घोट, अण्णा. एकच घोट घेऊन मग वाटी फेकायची होती. फेकलीच नसतीत. डोळे मिटून, नेहमीसारखी मान तिरकी करून एवढंच विचारलं असतंत, "मार्थाबाई, मीठ?"